आता बरं, की मघाशी?

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची जी अंधारी खोली असते, तिथला एक नियम फार कडक असतो. गिऱ्हाइकाला उत्तर सांगायचं नाही. नाकावर ती जड, गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच टाकायची, मग ती काढून दुसरी टाकायची आणि विचारायचं, "आता बरं, की मघाशी?" आत्याची निम्मी हयात हा प्रश्न विचारण्यात गेली. काही गिऱ्हाइकं भारी हुशार असतात, समोरच्या पाटीवरची अक्षरं बाहेरूनच पाठ करून येतात. काही इतकी भिडस्त की, "तुम्हीच सांगा ताई, तुम्हाला जास्त कळतं," म्हणून मोकळी होतात. आत्या त्यांना शांतपणे सांगायची, "डोळे तुमचे आहेत. मी काय सांगू?"

दुकानात एवढी शहाणी असलेली ही बाई चर्चमध्ये मात्र तो शहाणपणा बाहेर चपलांपाशीच ठेवून यायची, असं म्हणावं लागतं. रविवारच्या उपासनेत ती ऑर्गन वाजवायची आणि उपासनेनंतर मागच्या खोलीत तरुण संघाचा वर्ग घ्यायची. अख्खी मंडळी तिला आत्या म्हणायची. खरं तर ती आत्या एकाच मुलीची. भाऊ लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. वहिनी आजारपणात गेली आणि भाची आत्याच्या दोन खोल्यांच्या घरात आली. शेवटच्या दिवसांत वहिनीनं आत्याचा हात धरून एकच मागणं केलं होतं. "हिला काही झालं की ही गप्प बसते. हिला गप्प होऊ देऊ नका." आत्यानं शब्द दिला होता. तो मोडला तर देवापुढे काय तोंड दाखवू, अशी तिला धास्ती होती.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. पोरीचा आवाज असा होता की ती गायनमंडळात उभी राहिली, की डुलक्या घेणारेही सरळ होऊन बसायचे. घरी मात्र तिच्या कानात सदा इअरफोन. ती शाळेतून आली की आत्या गुडघे कुरकुरवत उठायची, दार उघडायची आणि पोरगी रोज तेच म्हणायची, "अगं, किल्ली आहे ना माझ्याकडे. कशाला उठतेस?"

"माझं दार आहे, मी उघडीन," आत्या म्हणायची. रोजचं हे एवढंसं भांडण दोघींनाही आवडायचं.

मग मंडळीत गाण्यांचं प्रकरण उपटलं. कुणा आईनं मुलाच्या मोबाइलवर एक गाणं ऐकलं आणि ती दोन दिवस अंथरुणाला खिळली. चर्चच्या पंचांची बैठक भरली. पंचांमध्ये सर्वांत वडील असलेल्या गृहस्थांना, त्यांच्या खणखणीत आवाजामुळे, पोरं पाठीमागे भोंगाकाका म्हणायची. ते कडाडले, "जो असली बाजारी गाणी ऐकेल, त्यानं गायनमंडळात उभं राहायचं नाही. विषय संपला." चर्चचे पाळक स्वभावानं मऊ. ते छताकडे बघत राहिले. आत्यानं मान डोलावली. खरं सांगायचं तर तिलाही ती गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा वाटायची. त्यातलं एकही तिनं धड ऐकलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या रविवारी तिनं वर्गात हुकूम वाचून दाखवावा तसं सगळं सांगितलं. कोण काय ऐकतं, का ऐकतं, असलं काही विचारलं नाही. पोरं खाली बघत बसली. भाची तेवढी उठली, उपासनेच्या गीतांचं पुस्तक तिनं टेबलावर हलकेच ठेवलं आणि बाहेर गेली. उद्धटपणे नाही, रडत नाही, नुसती गेली.

त्या दिवसापासून घरात तीनच शब्द उरले, हो, नको आणि जेवले. पोरगी स्वतःच्या किल्लीनं दार उघडायची, मांजराच्या पावलांनी आत यायची आणि आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. आत्या बाहेर खुर्चीत बसून असायची. उठायचं निमित्तच कुणी ठेवलं नव्हतं. वहिनीच्या फोटोकडे बघायचं तिनं सोडून दिलं.

असे कितीतरी दिवस गेल्यावर एका सकाळी कपडे वाळत घालताना पोरगी गुणगुणताना ऐकू आली. संथ, खालच्या पट्टीतली चाल. आत्याचा जीव भांड्यात पडला. अशा चालीचं एखादं जुनं गीत वहिनी स्वयंपाक करताना म्हणायची, असं तिला पक्कं वाटलं. पोरगी परत गीतांकडे वळली, देवानं ऐकलं, असं मनाशी म्हणत तिनं ती चाल डोक्यात साठवली, चर्चमध्ये लवकर जाऊन ऑर्गनवर बसवली आणि रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला लोक पुढे येत होते तेव्हा जीव ओतून वाजवली.

मंडळी गहिवरली. भोंगाकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. फक्त मागच्या बाकावरच्या तरुण संघाचे खांदे हलत होते आणि भाचीनं तोंडात रुमाल कोंबला होता. उपासना संपल्यावर भोंगाकाका ऑर्गनपाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात भक्ती. जुन्या गीतांची सर हल्लीच्या गाण्यांना येणार आहे का?" मागं कुणाला तरी इतका ठसका लागला की त्याला बाहेर न्यावं लागलं.

घरी आल्यावर पोरगी दाराला टेकून हसली. किती तरी दिवसांनी हसली. "आत्या, ते गीत नाही गं. सध्या सगळीकडे वाजतंय ते गाणं आहे. तू ते थेट प्रभुभोजनाला वाजवलंस."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती मटकन खुर्चीत बसली आणि मग, काय झालं कोण जाणे, तिलाही हसू आवरेना. दोघी पोट धरून हसल्या. हसता हसताच आत्यानं विचारलं, "शब्द काय आहेत त्याचे?"

पोरीचं हसू थांबलं. "काही खास नाहीत," ती म्हणाली आणि खोलीकडे वळली.

एरवी आत्यानं तिथंच उलटतपासणी घेतली असती. पण असा चेहरा तिनं दुकानात हजारदा पाहिला होता. पाटीवरचं अक्षर दिसत नाही, हे कबूल करायची ज्याला भीती वाटते, त्याचा चेहरा असा होतो. अशा माणसावर ओरडून भागत नाही. त्याच्या शेजारी बसायचं, काच बदलायची आणि पुन्हा विचारायचं. आपण वर्गात काच न लावताच निकाल सांगून मोकळे झालो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"मला ऐकव की," ती म्हणाली. "वाजवलंय तर आता ऐकूनही घेते."

एक इअरफोन हिच्या कानात, एक तिच्या. आत्याला चाल पुन्हा आवडली, शब्द मात्र निम्मे डोक्यावरून गेले. "आता असं कर," ती म्हणाली, "बाजा बंद कर. माझ्यासमोर बस आणि शब्द मला सांग. गाऊ नकोस, आपण बोलतो तसं सांग."

पोरगी समोर बसली. पहिल्या ओळी तिनं भराभर म्हटल्या. पुढे आलं, की मी दार वाजवलं तरी आतून कुणी उठणार नाही, आणि मी निघून गेले तरी कुणाला कळणार नाही. एवढं आत्याच्या तोंडावर म्हणताना तिचा आवाज चिरकला. पुढची ओळ तिला म्हणवेना.

ते गाणं आत्ताच्या आत्ता पुसून टाक, असं जिभेवर आलेलं आत्यानं गिळलं. "हे ऐकलं की कसं वाटतं?"

"ऐकताना बरं वाटतं. आईबद्दल कुणाशी बोलावं लागत नाही."

"आणि संपल्यावर?"

पोरीनं इअरफोन बोटांत फिरवला. "संपल्यावर आधीपेक्षा वाईट वाटतं. म्हणून परत लावते."

आत्यानं तिला जवळ ओढलं. मग त्या दोघी वहिनीबद्दल बोलल्या. ती भाजी नेहमी कशी करपवायची, हसताना तोंडावर हात कसा धरायची, शेवटी कशी दिसत होती. घरात इतके दिवस साचलेलं सगळं त्या दुपारी वाहून गेलं. त्या गाण्याचं काय करायचं ते आत्यानं सांगितलं नाही. दोन दिवसांनी पोरगीच म्हणाली, "चाल आवडते अजून. पण शब्द माझे नाहीत. मी ते काढून टाकलं."

पुढच्या रविवारी आत्यानं वर्गापुढे कान पकडले. "मी न ऐकता बंदी घातली, चुकलं माझं. आता ज्याला जे आवडतं ते त्यानं आणायचं. सगळे मिळून ऐकायचं. मग बाजा बंद करून शब्द समोरच्याच्या तोंडावर बोलायचे. आणि शेवटी ज्यानं आणलं त्यानंच सांगायचं, गाणं संपल्यावर आता बरं, की मघाशी?"

एकानं कानठळ्या बसवणारं गाणं आणलं. शब्द निघाले रात्रपाळी करून आलेल्या आईच्या सुजलेल्या पायांवरचे. आत्याला भरून आलं. दुसऱ्या एका मुलाचं गाणं साखरेत घोळलेलं होतं. ते समोर बसलेल्या मुलीला नुसत्या शब्दांत सांगायची वेळ आली, तशी त्याची जीभ टाळ्याला चिकटली. "हे मी माझ्या बहिणीला कुणी म्हटलेलं खपवून घेणार नाही," तो म्हणाला आणि आपणहून ते काढून टाकलं. एकीनं आगाऊपणे एक भक्तिगीतच आणलं आणि तपासणीत तेही थोडं पोकळ निघालं. पोरं आनंदली. आत्यानं नाक मुरडलं, पण कबूल केलं.

भोंगाकाका एकदा पाळकांना घेऊन पाहणीला आले. "बंदी कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"काका, मी काच लावून देते. वाचायचं ज्याचं त्यालाच असतं," आत्या म्हणाली. "उद्या ही पोरं शिकायला, नोकरीला बाहेर जातील. तिथं त्यांच्या कानापाशी तुम्ही बसणार आहात, की मी?"

यावर पाळकांनी पहिल्यांदाच छतावरून नजर खाली आणली. "पवित्र शास्त्रानंही आपल्याला पारखच करायला सांगितलंय," ते म्हणाले. भोंगाकाका घसा खाकरून बाकावर बसले. जाताना मात्र त्यांनी हळूच, म्हणजे त्यांना जमेल तितकं हळू, विचारलं, "ती त्या दिवशीची चाल पुन्हा कधी वाजवणार?" आत्यानं खरं काय ते सांगून टाकलं. काका चेहरा पाडून उभे राहिले, मग म्हणाले, "चाल चांगली होती हो."

भाची गायनमंडळात परत आली. तिच्या जागेवर उभी राहून पहिलं गीत तिनं म्हटलं, तेव्हा ऑर्गनवरचा आत्याचा हात दोनदा चुकला. कुणी ऐकलं असेल तरी कुणी बोललं नाही, याबद्दलही आत्यानं देवाचे आभार मानले. आजकाल ती पुष्कळ गोष्टींबद्दल आभार मानत होती. मनानं हलक्या झालेल्या भाचीबद्दल, त्या फजितीबद्दल, आणि ज्याचं नावही तिला माहीत नव्हतं त्या चाल बांधणाऱ्याबद्दलसुद्धा.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती नेहमीसारखी खुर्चीत बसली होती. जिन्यात पावलं वाजली. पिशवीत किल्ल्या खुळखुळल्या, अगदी स्पष्ट. आत्या कुलूप फिरायची वाट बघत राहिली. कुलूप फिरलं नाही.

दार वाजलं.

आत्या गुडघे कुरकुरवत उठली. भिंतीवरच्या वहिनीकडे तिनं आज सरळ पाहिलं. "आले गं," ती म्हणाली आणि जाऊन दार उघडलं.