आत्याबाईंचं लुगडं

तान्हं लेकरू घेऊन लांबचा प्रवास करण्याची विद्या या पृथ्वीवर फक्त एकाच बाईला येते आणि ती बाई माझ्या बायकोची आत्या आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. माझ्या सासुरवाडीला, वर्ध्याजवळच्या देवळीत, कोणी हसणार नाही. तिथं बाळंतपणाला माहेरी आलेली कुठलीही मुलगी लेकरू घेऊन सासरी निघाली, की पोचवायला आत्याबाई जातात. मुलगी नात्यातलीच असावी अशी त्यांची अट नसते. सुरतेपासून हैदराबादेपर्यंत त्यांनी लेकरं पोचवली आणि त्यातल्या एकाही शहरात स्टेशन आणि मुलीचं सासर सोडून काही पाहिलं नाही. विचारलं तर म्हणतात, शहरात काय पाहायचं, तिथंही माणसंच असतात.

आता विद्या म्हटली की तिचे नियम आले. गाडी दिवसाचीच हवी, कारण लेकराला खिडकी लागते. पोचवणारीनं स्वतःचं दुसरं लुगडंसुद्धा सोबत घ्यायचं नाही, कारण दोन्ही हात लेकराचे. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून सराव करायचा. या सरावासाठी आत्याबाई लेकराला घेऊन देवळीच्या बस स्टँडवर जातात आणि सुटायला वेळ असलेल्या एसटीत खिडकीशी बसतात. "पहिले उभ्या गाडीत बसवा, मंग चालत्या," हे त्यांचं ब्रीद. कंडक्टर मंडळी आता तिकिटाचं विचारत नाहीत, लेकरू कोणाचं एवढंच विचारतात. घरी ओसरीत जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असते आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की त्या मुद्दाम तिकडचं दार उघडून लेकराला झोपवतात. गिरणीत झोपलेलं लेकरू रेल्वेत झोपतंच, यावर त्यांची श्रद्धा आहे.

पण खरा नियम पुढेच आहे. डब्यात शिरल्याबरोबर त्या लेकराला समोरच्या माणसांची ओळख करून देतात. हा तुझा मामा, ही मावशी, वरच्या बर्थवर पाय हलवतात ते आजोबा. ज्यांना हे नातं बहाल होतं त्यांना नाव-गाव विचारण्याची वेळही येत नाही. आत्याबाईंचा हिशेब साधा आहे. परक्याच्या लेकराच्या रडण्यानं डोकं दुखतं, भाचीच्या रडण्यानं दुखत नाही.

आम्हाला त्यांची गरज पडली ती आमच्या फजितीनंतर. मुलगी सात महिन्यांची होती. बायकोची रजा संपत आली होती आणि दोन आठवड्यांनी तिला पुण्यात कामावर हजर व्हायचं होतं. शहाणपण करून आम्ही दोघंच मुलीला घेऊन निघालो. वर्ध्यालाच तिनं जो सूर लावला तो काही केल्या थांबेना. मुलं सांभाळता येत नाहीत तर घराबाहेर कशाला पडता, असं एक गृहस्थ आम्हाला ऐकवून गेले. बायको रडायला लागली आणि आम्ही बडनेऱ्याला उतरून परत देवळीला आलो. सासूबाईंनी मुलीला कुशीत घेतलं आणि वर्षाची होईपर्यंत लेकरू इथंच ठेवून जा म्हणाल्या. प्रेमानंच म्हणाल्या. बायको त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा आत्याबाईंनी सांगून टाकलं, "मायबिगर लेकरू नाई राहाचं. मी येतो पोचवाले."

आठवडाभर एसटी झाली, गिरणी झाली. निघायच्या दिवशी शेवटच्या मिनिटापर्यंत सराव चालू होता. मुलीला झोळीतून उचललं ते थेट वर्ध्याच्या गाडीत बसवलं. रेल्वेत शिरल्यावर नाती वाटून झाली. खिडकीशी लॅपटॉप उघडून बसलेल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या एका साहेबांना मामापद मिळालं. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. पुलगाव गेलं, मुलीला झोप आली, आत्याबाईंनी पिशवीत हात घातला आणि त्यांचा चेहरा पडला. झोळी देवळीच्या ओसरीत टांगलेलीच राहिली होती. मुलीला उचललं, झोळी सोडायची कोणाला सुचलंच नव्हतं.

बायकोच्या ओढण्या बांधून पाहिल्या, त्या निसटत होत्या. मुलीनं सूर लावला. धामणगाव गेलं तरी सूर तोच. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आत्या, बडनेरा येऊन राह्यलं. उतरून जाऊ. राहू दे तिले आईजवळ."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगावरच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याकडे. "तुह्या बॅगेत ड्रेस आहे ना एखादा? दे मले," त्या बायकोला म्हणाल्या. ही तीच बाई, जिनं सुनेच्या पंजाबी ड्रेसवर दोन दिवाळ्या अबोला धरला होता. त्या ड्रेस घेऊन बाथरूमकडे गेल्या आणि परत आल्या तेव्हा अंगात जांभळा, फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस होता आणि हातात लुगडं. डब्यात कोणाची हसण्याची हिंमत झाली नाही. त्यांनी साहेबांना नुसतं म्हटलं, "मामा, उठा जरा, त्या बाजूची गाठ मारा." आणि साहेब लॅपटॉप मिटून उठले. त्यांनी चांगली पक्की गाठ मारली.

बडनेरा आलं तेव्हा मुलगी झोळीत झोपलेली होती. गाडी सुटली आणि आम्ही आतच होतो. बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. त्यानंतर पुण्यापर्यंत आत्याबाईंचंच राज्य होतं. झोका द्यायच्या पाळ्या लागल्या. मनमाडला उतरताना मामांना काहीतरी भाचीच्या हातात ठेवल्याशिवाय जाववेना, तेव्हा तिनं चघळून ओला केलेला स्वतःचा रुमाल ते तिलाच देऊन गेले. पुण्याच्या फलाटावर आत्याबाई जांभळ्या ड्रेसमध्ये अशा उतरल्या, की हमालसुद्धा बाजूला झाले.

मुलगी आता त्या लुगड्याशिवाय झोपेना. म्हणून दोन दिवसांनी आत्याबाई त्याच ड्रेसवर परत निघाल्या, वर्ध्याला उतरल्या आणि अख्ख्या देवळीसमोर स्टँडवरून मान ताठ ठेवून घरी गेल्या. पोचल्यावर त्यांचा फोन आला तेव्हा मी झोळीला झोका देत होतो. प्रवास कसा झाला म्हणून विचारलं.

"कायचा प्रवास, जवाईबापू. डब्यात एक बी लेकरू नव्हतं. कोणाले मामा म्हणू अन् कोणाले मावशी. देवळीपर्यंत कोणासंग बोलली नाई मी."

मी फोन झोळीजवळ नेला आणि आत झोपलेल्या आमच्या मुलीचा श्वास त्यांना ऐकवला. बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.