लालासाहेबांचा बर्फातला प्लॉट

लालासाहेबांपुढं कुणी नुसतं ‘आज उकडतंय’ म्हणालं तरी उत्तर ठरलेलं. ‘ह्याला उकडणं म्हंता व्हय? आमच्या कोइमतूरच्या भट्टीफुडं बसा येकदा.’ कुणी पावसाचं काढलं की ह्यांच्याकडं केरळातला पाऊस तयार. कुणी ट्रॅफिकचं काढलं की बंगळूरचा ट्रॅफिक. फक्त थंडीला त्यांच्याजवळ स्वतःचं असं काही नव्हतं आणि ती उणीव त्यांना आतून खात होती. गेल्या दिवाळीत त्यांनी ती भरून काढली. थेट आल्प्स पर्वतात, समुद्रापासून दोन हजार मीटर वर, जगभरची श्रीमंत माणसं पायाला फळ्या बांधून बर्फावरनं घसरायला येतात त्या गावात त्यांनी प्लॉट धरला.

माणूस तसा कच्चा नव्हता. सोळाव्या वर्षी विट्याजवळच्या खेड्यातनं मामाबरोबर कोइमतूरला गेला आणि बत्तीस वर्षं गलाईची भट्टी फुंकली. जुनं सोनं वितळवायचं, घाण एकीकडं, सोनं एकीकडं. त्या धगीत भुवया जळाल्या त्या परत उगवल्याच नाहीत, त्यामुळं चेहरा कायम नुकताच चकित झाल्यासारखा. नाकातली चमकी घ्यायची तरी कसोटीच्या दगडावर घासल्याशिवाय हा माणूस हात लावायचा नाही. पण घासायला धातू लागतो. गोड आवाज घासून बघता येत नाही.

तो गोड, पुणेरी वळणाचा आवाज शिवतेजचा होता. सांगलीतल्या एका हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये, टाय बांधून, हातात लेझरचा लाल ठिपका घेऊन तो उभा होता. ‘सर, ॲक्च्युअली ना, आपण प्रॉपर्टी घेतच नाही आहोत. आपण एक लाइफस्टाइल घेतोय. सकाळी दार उघडलं की समोर स्लोप. बेसिकली, सर, हे व्हाइट गोल्ड आहे.’

पांढरं सोनं म्हणजे सोन्यात दुसरा धातू मिसळलेला, हे त्या हॉलमधल्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यात आधी मान डोलावली ती त्याच माणसानं.

नकाशावर तीन प्लॉट शिल्लक होते. दोन उंच, काळ्या झाडीत. तिसरा त्या झाडीच्या मधोमध, डोंगराच्या माथ्यापासून सरळ खाली उतरलेल्या मोकळ्या पट्ट्यात. शिवतेज ठिपका झाडीवर नाचवत होता. लालासाहेबांनी उठून पडद्यावर बोटच टेकवलं.

‘झाडातला नगं. झाडाच्या सावलीत ऊस येत न्हाई.’

‘सर, तिथं ऊस…’

‘ऊस लावणार न्हाई रं, तेवढं कळतंय मला. पण झाड आलं की मुळ्या आल्या, मुळ्या आल्या की बांधाचं भांडण आलं. आमच्या बांधावर येक लिंब हाय, त्याच्यापायी भावकीत तीन वर्सं कोर्ट चाललंय. आन ह्यो पट्टा बघ की! नांगरून, फळी मारून ठिवल्यागत. ह्यो अजून कुणीच कसा घेतला न्हाई?’

‘नाही घेतला, सर.’

‘लोकं येडी हायेत.’

घरी साळूबाईंनी ते गुळगुळीत छापील पुस्तक पुढून मागून बघितलं. लाकडी भिंती, लाकडी छत, लाकडी जिना.

‘आवं, सगळा जलम आगीफुडं काढला आन आता लाकडाचं घर घेताय व्हय? आन तितं ऱ्हाणार कोण? तुमाला महाबळेश्वरला जाऊन आलं की आठ दिस सर्दी.’

‘अगं, ऱ्हायला घर कोण घेतंय?’ लालासाहेब म्हणाले. आयुष्यात ते इतकं खरं क्वचितच बोलले असतील.

त्याच आठवड्यात विट्याच्या चौकात फ्लेक्स चढला. मागं बर्फाचा डोंगर, पुढं फेटा बांधून हात जोडलेले लालासाहेब, खाली वीस शुभेच्छुकांची मुंडकी. ‘आल्प्सच्या शिखरावर विट्याचा झेंडा!’ घराचा अजून एक खिळाही ठोकलेला नव्हता. बर्फ वितळल्यावर, उन्हाळ्यात काम सुरू होणार होतं. पण फ्लेक्सवर तेवढी जागा नव्हती.

आता त्यांच्या मुलाचं, वीरधवलचं सांगायला पाहिजे. वय तेहतीस. अकरा एकर ऊस, ठिबक, हिशोबी डोकं, सुपारीसुद्धा खात नाही. पण ‘मुलगा शेती करतो’ म्हटलं की मुलीकडची माणसं चहा अर्धा ठेवून उठायची. अशी सत्तावीस स्थळं उठली. अठ्ठाविसावी औंधची अंकिता. कराडला दातांचा दवाखाना चालवते. तिनं पहिल्याच भेटीत ‘शेती स्वतः करता की मजुरांकडनं करून घेता?’ असं विचारलं आणि त्यानं हात पुढं करून तळव्याचे घट्टे दाखवले. तेव्हापासून तीन महिने वीरधवल गोठ्यामागं फोनवर हसताना सापडत होता.

राहिलं होतं एकच. अंकिताचे वडील, निवृत्त सुभेदार उदयसिंह, घर बघायला येणार होते. आपल्याकडं मुलगी द्यायची तर घर बघितल्याशिवाय कुणी देत नाही. गोठा बघतात, विहिरीत वाकतात, संडासाचं दार उघडून बघतात, आणि जाता जाता शेजाऱ्याला ‘माणसं कशी हायेत?’ म्हणून आडून विचारतात.

‘आई,’ वीरधवल त्या दिवशी सकाळीच म्हणाला, ‘हे मोडलं तर मी परत कुटं पोरगी बघायला जाणार न्हाई. शेवटचं सांगतोय.’

साळूबाईंनी नवऱ्याला गाठलं. ‘आवं, आजच्या दिस तेवढं आल्प्स काढू नका. पाया पडते.’

‘मी कशाला काढतोय?’ लालासाहेब दुखावून म्हणाले.

दुपारी दोन गाड्यांतून चौदा माणसं उतरली. सुभेदार मोजकं बोलणारे. शब्दसुद्धा शिधा वाटल्यासारखे मोजून देणारे. विहिरीत वाकले. ‘पाणी चांगलं हाय.’ गोठ्यात गेले. ‘जनावरं चांगली हायेत.’ त्यांची बहीण क्रांतीआत्या, आष्ट्याला दिलेली, ती स्वयंपाकघराच्या ओट्याखाली वाकून आली आणि ‘निचरा झकास हाय’ म्हणून तिनं निकाल दिला. पोहे आले. वीरधवलच्या खांद्यावरचं ओझं पोह्यांच्या वाफेबरोबर उतरत चाललं होतं. सगळं जमलं होतं. सुभेदार पहिला घास घेऊन सहज म्हणाले, ‘औंधला औंदा थंडी लय हाय.’

साळूबाईंनी डोळे मिटले.

‘थंडी?’ लालासाहेब खुर्चीत पुढं सरकले. ‘पाव्हणं, थंडी बघायची तर आमच्या आल्प्सच्या घरला या.’

‘तितं बी घर हाय तुमचं?’

‘हाय म्हंजे! चौकात फ्लेक्स न्हाई बघितला?’

‘बघितला. मग दावा की.’ सुभेदारांच्या बोलण्यात टोमणा औषधालाही नव्हता. ‘घर बघायलाच आलोय.’

आता माघार कशी घ्यायची? शिवतेज नेमका दुसरी गिऱ्हाइकं घेऊन तिकडंच गेला होता. लालासाहेबांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि तो भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडायची वेळ आली वीरधवलवर. चौदा खुर्च्या फिरल्या. टीव्हीवर नुसतं पांढरं.

‘टीव्ही बिघाडला व्हय?’ क्रांतीआत्यांनी विचारलं.

‘नाही मॅम, हा स्नो आहे!’ पांढऱ्यात एक लाल नाक उगवलं. ‘वेलकम, वेलकम!’

‘घर कुठाय?’ सुभेदार म्हणाले.

‘सर, ॲक्च्युअली मी आत्ता घरावरच उभा आहे. आय मीन, घराच्या जागेवर. जागा बेसिकली माझ्या दोन मीटर खाली आहे.’

‘आन संडास?’ आत्यांनी विचारलं.

‘तोही खालीच, मॅम. आता आपण जरा व्ह्यू बघू या…’

शिवतेजनं ऐटीत एक पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत आत गेला. तसा त्याचा टाय, पुणेरी बोली, ॲक्च्युअली, बेसिकली, सगळं बर्फाच्या वरच राहिलं. ‘आयो! मेलो, मेलो! आरं काडा की कुणी तरी मला हितनं!’

‘ह्यो तर आमच्या आष्ट्याचा हाय!’ क्रांतीआत्या जागच्या जागी उडाल्या. ‘कुणाचा रं तू?’

‘भाऊसो दुकानदाराचा, काकी,’ बर्फातनं बारीक आवाज आला.

हॉलमध्ये हशा पिकला. वीरधवलसुद्धा हसला. सुभेदार तेवढे हसले नाहीत. ते उठून टीव्हीजवळ गेले होते.

‘फोन वर धर. डोंगर दाव.’

तो आवाज ऐकून शिवतेजनं बर्फात रुतलेल्या अवस्थेतच हात ताठ वर केला. दोन्ही बाजूंना काळी झाडी. मधे माथ्यापासून शिवतेजच्या कमरेपर्यंत सरळ, स्वच्छ पांढरा पट्टा.

‘हितं झाडं का न्हाईत?’

‘तीच तर मेख हाय, पाव्हणं!’ लालासाहेब फुलले. ‘तीन प्लॉटात मी ह्योच निवडला. कसा साफ हाय!’

‘कुणी केला साफ?’

लालासाहेबांनी मान तिरकी करून तो पट्टा परत बघितला.

‘सियाचीनला दोनदा पोस्टिंग झालं माजं,’ सुभेदार म्हणाले. ‘झाडं तितं नव्हतीच. पण सुट्टीला खाली येताना आमचे उस्ताद झाडीतले असले पट्टे दावायचे. म्हणायचे, नीट बघून ठेवा. वरनं बर्फ सुटतं आन वाटंत आलंल ते घिऊन जातं. दर वर्साला येत न्हाई. धा वर्सानं येल, पंधरानं येल. पण झाडाला मोठं हुयाला तेवढी वर्सं मिळत न्हाईत.’ त्यांनी टीव्हीकडं पाठ केली. ‘वर आमच्या दोन पोरांनी असल्या वाटंत तंबू मारला हुता. येक माणचा, येक जतचा. उन्हाळ्यात गावली.’

पोह्यांच्या ताटल्यांतले चमचे थांबले. टीव्हीवर शिवतेजनं एकदा वर माथ्याकडं बघितलं आणि ‘सर, टेक्निकली तो झोन…’ असं काहीतरी पुटपुटत, आवाज न करता, झाडीच्या दिशेनं सरकायला लागला.

सुभेदार खुर्चीवर परत आले. आवाज उतरला होता. ‘लालासाहेब, पोरगं चांगलं हाय. घरदार चांगलं हाय. आमची पसंती हाय. माजी येकच इनंती. ते बर्फातलं सोडा. उद्या पोर सासरी आली की हौसंनं कवा तरी तितं जाणारच. मला हितं झोप लागायची न्हाई.’

‘सोडतो.’ एवढी तीनच अक्षरं म्हणायची होती. वीरधवल बापाच्या ओठांकडं बघत होता. साळूबाई बघत होत्या. लालासाहेबांच्या डोळ्यांपुढं मात्र चौक आला. शिडी लावून फ्लेक्स उतरवणारा माणूस आला. खाली चहावाल्याच्या बाकड्यावर बसून वर बघणारी ती वीस मुंडकी आली, फोटोतली नव्हे, खरी. आणि त्यांतलं एक म्हणत होतं, ‘काय लालासाहेब, वितळलं व्हय?’

ते टीव्हीकडं वळले.

‘शिवतेज, झाडीतला प्लॉट अजून हाय का रं?’

सुभेदारांनी रुमालानं हात पुसले. ‘बरं. कळवतो.’

आपल्या भागात ‘कळवतो’ म्हणालेल्या माणसानं कधी काही कळवलेलं नाही. खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या. वीरधवल अनवाणीच मागं धावला आणि गाडीचं दार धरून उभा राहिला.

‘सुभेदारसाहेब, मला ते घर नगं. ह्यो बंगला बी नसला तरी चालंल. मळ्यात दोन खोल्या हायेत, माज्या हातानं बांधलेल्या. त्या बघायच्या ऱ्हायल्यात तुमच्या.’

सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या पायांकडं. ‘किती लांब?’

‘तीन किलोमीटर.’

‘बस गाडीत.’

‘थांबा रं,’ मागनं साळूबाई पदर खोचत पायऱ्या उतरल्या. ‘मी बी येते. मळ्याच्या किल्ल्या माज्याकडं हायेत.’

दोन्ही गाड्या फाटकातनं बाहेर पडल्याचा आवाज लालासाहेबांना हॉलमध्ये ऐकू आला. समोर चौदा अर्धवट ताटल्या होत्या. टीव्हीवर, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, शिवतेज कुडकुडत पुन्हा पुणेरी बोलीवर पोचला होता.

‘सर, मग ॲक्च्युअली डील लॉक करायची का? इथली रेंज जाते मधेच.’

‘थांब जरा,’ लालासाहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. ‘डावीकडं फिरव. झाडं दाव.’