फुंकर न जाणारं जाकीट

आमचे हे, पुंडलिकराव, म्हणजे हट्टाचं गाठोडं. वय अडुसष्ट. बारा वर्षांपासून रोज सकाळी सहाला महाराजपूरच्या आमच्या घरून स्कूटर काढतात अन् शहरातच, पण लांब, कांचघरला मोठ्या बहिणीकडे जातात. राधाबाई तिथे एकट्या. साखरेचं दुखणं, डोळे अधू. यांनी इन्सुलिन टोचायचं, मग दोघांनी चहा घ्यायचा. थंडीत हे स्वेटरच्या आत छातीवर पेपर खोचून जायचे. मागच्या पौषात न्यूमोनिया झाला, महिनाभर अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, "अब छाती को हवा लगी, तो स्कूटर बंद समझो."

मी मनात म्हटलं, बरं झालं! खोटं कशाला बोलू?

पण हे ऐकतात थोडेच! यंदा थंडी पडली अन् लेकीने, प्रतिमाने, फ्लीसचं, लोकरीसारखं मऊ जाकीट पाठवलं. ऊब छान, पण स्कूटरवर वारा आरपार. वरून घालायला काहीतरी हवं, म्हणून विजय नगरच्या दुकानात गेलो. अन् फ्लीस ठेवलं घरी! "नवं आहे, मळेल," म्हणे. शर्टावर मापात बसलेलं जाकीट आणलं, घरी फ्लीसवर चढवलं तर हात वर होईना. बुजगावण्यासारखे उभे राहिले. हसावं की रडावं!

दुसऱ्या दिवशी बदलायला गेलो, ते फ्लीस अंगात घालूनच. हे जन्मभर फौजी कपड्याच्या कारखान्यात कापड तपासत होते, ती खोड गेली नाही. प्रत्येक जाकिटाचं कापड तोंडाला लावून फुंकर मारायची अन् पलीकडे माझा तळहात धरायचा. "इंदू, हवा लागते का?"

"अंकलजी, सब जूठा मत कीजिए," दुकानदार उष्ट्या जाकिटांकडे बघत कळवळला.

एक रेनकोटासारखं निघालं, हवा अजिबात नाही. "यात घाम कोंडते. आतून भिजलो तर पुन्हा तेच," म्हणून तेही बाजूला. शेवटी एक नारिंगी पसंत पडलं. हे स्टुलावर बसले, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे. "मागून पाठ उघडी पडते का, बघ."

तेव्हा अगदी तोंडाशी आलं होतं. अहो, काहून जीव काढून राहिले? ताई आपलं इंजेक्शन आपणच घेऊ शकतात! यांच्या आजारपणात मी टोचायला जायचे, तेव्हा त्या शिकल्या. इन्सुलिनच्या पेनाची टकटक मोजायची अन् टोचायचं, डोळ्यांची गरजच नाही. मला सगळं करून दाखवलं अन् मग माझा हात धरला.

"त्याले सांगू नको बाई. सुई टोचाले तो लागत नाही म्हटलं तर येईन काहून? मले सकाळी तेवढंच एक माणूस दिसते."

मी वर्षभर गप्प होते. एक वाक्य बोलले असते तर नवरा घरात, उबेत राहिला असता. त्याच्या जिवाची भीती मला नाही का?

"बोल ना, पाठ दिसते?"

"नाही दिसत," मी म्हटलं. जाकिटाची चेन मीच गळ्यापर्यंत ओढली. मग दुकानदाराकडे वळले. "भैया, ऐसा ही एक मेरे नाप का निकालो."

हे स्टुलावरून उठले. "तुले काहून?"

"उद्यापासून मागे मी बसणार. ताईंना सकाळी दोन माणसं दिसू द्या."