नणंदेच्या गिटारचा नंबर

लग्नाआधी निपाणीला मी सहा वर्षं गिटार वाजवली. बसवनगुडीला सासरी येताना ती धाकट्या भावाला देऊन आले. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण नव्या सुनेनं गिटार घेऊन यावं असं मलाच वाटेना. त्यामुळे चार वर्षांनी नणंदेकडे गिटार आली, ते मला सहन झालं नाही.

ती एका कॉम्प्युटर कंपनीत होती. तिचा अमेरिकन साहेब मायदेशी परतताना आपली जुनी गिटार तिला देऊन गेला. तिला धड सूरही लावता यायचा नाही. तरी सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवायच्या, अमेरिकेची आहे म्हणून. मी बाजूला चहाचा ट्रे घेऊन उभी.

एका दुपारी घरात कुणी नसताना मी ती उचलून आणली. आतलं लेबल फाटलं होतं, पण लाकडावर छापलेला नंबर दिसत होता. तो कागदावर उतरवला आणि बाजारामागे गिटार दुरुस्त करणाऱ्या अण्णांकडे गेले. त्यांच्याकडे अशा नंबरांची हातानं लिहिलेली वही होती. पानावर बोट फिरवत त्यांनी समजावलं, पहिलं अक्षर कारखान्याचं, पुढचे दोन आकडे वर्षाचे. गिटार जपानची निघाली, बहात्तर सालची. मला इतका आनंद झाला की मी उठलेच.

त्यांनी थांबवलं. "स्वल्प, जरा ऐका, अक्का. त्या कारखान्याचं तेव्हाचं काम फार चांगलं. आता अशी मिळत नाही. विकू देऊ नका."

रविवारी जेवताना मी सहज बोलल्यासारखं सांगितलं, गिटार जपानची आहे, वीसेक वर्षं जुनी. पुढचं सांगितलं नाही. सासूबाई भात वाढायला लागल्या.

नणंदेनं विचारलं, "वहिनी, तुम्ही नंबर कधी पाहिलात?"

"पुसताना दिसला," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, आता ती गिटार कोपऱ्यात पडेल आणि हळूहळू माझी होईल. पंधरा दिवसांत नणंदेनं ती दुकानात देऊन लाल, चकचकीत नवी आणली. कळताच मी ऑटो करून तिथे गेले. जुनी गिटार सकाळीच कुणीतरी नेली होती.

घरी आले तर नणंद नवी मांडीवर घेऊन बसलेली. "दादा सांगत होता, तुम्ही छान वाजवायचात. मला शिकवाल?"

शिकवलं. तिचं लग्न होईपर्यंत, दर रविवारी. अण्णा काय म्हणाले होते ते मात्र अजून सांगितलेलं नाही. तिची बोटं माझ्यापेक्षा लांब होती, तारांवर भरभर बसायची, आणि तेही मला खुपायचं.