लाल रोबोचा डावा पाय

या ग्रुपवर गेली तीन-चार वर्षं मी फक्त वाचतोय. खरं सांगायचं तर वाचून हसतोय. पांढरी साडी, अमावस्या, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही "भूत असतं" असं मी कुणाला छातीठोकपणे सांगणार नाही. मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पार्ट हातात घ्यायचा, मापायचा, खराब असेल तर लाल क्रेटमध्ये टाकायचा — वीस वर्षं एवढंच करतोय. ज्याचं कारण मिळत नाही त्यापुढे आम्ही "कारण सापडलं नाही" असं लिहून सही करतो. भूत म्हणत नाही. हेही तसंच समजा. फक्त वाचताना नाकाला रुमाल लावा, कारण यात घाण आहे आणि ती थोडीथोडकी नाही.

मी नितीन, वय सत्तेचाळीस, राहणार इंदिरानगर, नाशिक. छंद — खेळण्यातले रोबो जमवणे. हसा. माझी बायको मनीषा अठरा वर्षं हसतेय. गाडीचे रोबो होणारे, जोडून बनवायचे, चावीवर चालणारे, सेलवर चालणारे, सगळे मिळून सव्वाशेच्या वर आहेत. इतकी वर्षं ते शोकेसमध्ये शाळेच्या ग्रुप फोटोसारखे उभे होते. मागच्या वर्षी डोक्यात किडा वळवळला, की यांना राहायला एक शहर करू. डायोरामा म्हणतात त्याला... म्हणजे आपला गणपतीतला देखावाच, फक्त गणपतीच्या जागी रोबो. सात फूट बाय साडेतीन फूट. आणि शहर कुठलं, तर आपलंच. द्वारका चौक. उड्डाणपूल मधोमध कोसळलेला, खाली रिक्षा चेपलेल्या आणि ढिगाऱ्यावर रोबोंची मारामारी. "द्वारकेला एरवीही असंच असतं, तुम्ही वेगळं काय केलंत?" असं मनीषा म्हणाली, ते सोडून द्या.

बंद करून घेतलेल्या गॅलरीत काम सुरू झालं. जुन्या मखराच्या थर्माकोलच्या इमारती, पीव्हीसी पाइपचे पुलाचे खांब, जमिनीला प्लास्टर ऑफ पॅरिस, धुळीसाठी चहाच्या गाळणीतून चाळलेली माती. गाळणीवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. सुटे भाग सहा महिन्यांत तयार झाले, अडलं ते खालच्या सांगाड्यावर. एवढं वजन पेलायला चांगलं, मुरलेलं लाकूड हवं होतं. तेव्हा मला मामांची कांद्याची चाळ आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — ही चाळ म्हणजे लाकडी पट्ट्यांची लांबलचक, हवेशीर खोली. उन्हाळ कांदा त्यात चार-पाच महिने साठवून ठेवतात. माझे मामा चांदवडजवळ राहतात. मूलबाळ नाही, त्यामुळे लहानपणी सुट्टीत माझे सगळे लाड तिथेच. चाळीचा कारभार मामींकडे असायचा. रोज सकाळी चहाच्या आधी मामी चाळीच्या कडेने वास घेत चालायच्या. मध्येच थांबायच्या, फटीतून कोपरापर्यंत हात घालायच्या आणि बरोबर सडका कांदा बाहेर काढायच्या. एक सडला की तो शेजारच्यांना घेऊन बुडतो, म्हणून. तो लगेच फेकायच्याही नाहीत. ओट्याच्या कडेला उलटा ठेवायच्या, मुळं वर आणि मान खाली. मामांना येता-जाता दिसावं, की सड कुठून धरलीये. मामींना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर त्या चाळीत एकही कांदा गेलेला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

मार्चमध्ये टेम्पो घेऊन चांदवडला गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मामा खाटेवर पायांवर घोंगडी घेऊन बसले होते. घरात शिरल्याबरोबर वास आला.

"मामा, कांदा सडलाय का कुठं?" मी नाक दाबून विचारलं.

"आसंल चाळीत एखादा," मामा म्हणाले. "तू पट्ट्या काढून घे. आता तिला कोन इचारतंय."

"तुम्ही उठत का नाही?"

"पाय मुरगळलाय जरासा. लय नाय."

मी "बरं" म्हटलं. आता तुम्हीच सांगा, कांद्याच्या भागातला कुठला माणूस सडका वास आला म्हणून चौकशी करतो? आमच्याकडे वास आला की तो कांद्याचाच. तासाभरात मी पट्ट्या उचकटल्या — रिकाम्या चाळीत उभा राहून, स्वतःच्या हातांनी. निघताना मामांनी चहाचा आग्रह केला. टेम्पोवाला थांबलाय, असं सांगून मी सटकलो. खरं कारण तो वास होता. त्या घरात चहा घशाखाली उतरला नसता.

पट्ट्या धुतल्या, गच्चीवर वाळवल्या, प्रायमर मारला, सांगाडा ठोकला, वर प्लायवूड, त्यावर प्लास्टर. आठवड्याभरात द्वारका उभी राहिली. मग रोबो मांडले. पुलाच्या तुटक्या टोकावर, सगळ्यात उंच, मानाच्या जागी लाल रोबो. वीतभर उंचीचा, प्लास्टिकचा. मी सात वर्षांचा असताना मामांनी देवीच्या यात्रेतून घेऊन दिलेला. माझा हा सगळा नाद सुरू झाला तो त्याच्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना सहज गॅलरीत डोकावलो, तर लाल रोबो पुलावर नव्हता. देखाव्याच्या पुढच्या कडेला होता. डोक्यावर उभा, पाय वर. डाव्या पायाला काहीतरी तपकिरी, चिकट लागलं होतं. बोट लावलं तर बोटाला तार आली. आणि वास... तापलेल्या चाळीत सड धरली की येतो ना, तसा. तीनदा साबणाने हात धुतले, तरी दुपारी पोळीचा घास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. डबा तसाच परत आणला.

"तू हलवलास का तो?" मी मनीषाला विचारलं.

"मी त्या उकिरड्याला हातसुद्धा लावत नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

पहिला संशय सेलवर. जुन्या खेळण्यात सेल फुटून पाणी सुटतं. पाठीचं झाकण उघडलं, आत सेलच नव्हता. शाळेत असताना मीच काढून टाकलेला. पाय पुसला, फिनाईल लावलं, रोबो परत पुलावर. दुसऱ्या सकाळी पुन्हा कडेला, पुन्हा उलटा, डावा पाय ओला. उंदीर असेल म्हणून पिंजरा लावला, तो रिकामा. प्लास्टरची ओल असेल म्हणून टाचणीने खणलं, खडखडीत. पट्ट्यांत जुना रस मुरला असेल म्हणून प्लायवूडचा कोपरा उचकटून खाली नाक खुपसलं, तर नुसता प्रायमर. रोबोचे पाय पुलाला डिंकाने चिकटवले. सकाळी पुलावर डिंकाचे दोन ठसे आणि रोबो कडेला. गॅलरीला कुलूप घातलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली, तरी तेच. बाकीच्या रोबोंपैकी एकालाही धक्का नाही.

पुढे ते पाणी वाढत गेलं. पाय वर असल्यामुळे ओघळ पावलाकडून गुडघ्याकडे यायचा. माझ्या हाताने रंगवलेल्या रस्त्यावर डाग पडला. त्यावर चिलटं घोंगावायला लागली.

भीती वाटली का? नाही. तुम्हाला पटणार नाही, पण मला नुसती किळस यायची आणि राग यायचा. सहा महिन्यांची मेहनत आणि तिच्यावर रोज कोणीतरी घाण करून जातंय. रोज सकाळी मी ग्लोव्हज चढवायचो, श्वास रोखून पाय पुसायचो, फडकं कचऱ्यात फेकायचो आणि रोबोला परत पुलावर आपटायचो. एकदा मनीषा म्हणाली, "अहो, लाकूड मामींच्या चाळीचं आहे. मामांना एक फोन तरी करा." केला.

"मी बरा हाय," मामा म्हणाले. "तुझं झालं का ते बाहुल्यांचं गाव?"

झालं म्हटलं, फक्त वास मारतोय.

"कांद्याचा वास लय दिस ऱ्हातो," ते म्हणाले. विषय संपला.

बारावी सकाळ रविवारची होती. ग्लोव्हज संपले होते. लाल रोबो फेकूनच द्यायचा असं ठरवून मी त्याला पेपरवर घेतला आणि फेकण्याआधी सवयीने पाय नाकाशी नेला. खराब पार्टसुद्धा शेवटचं एकदा बघितल्याशिवाय आम्ही टाकत नाही. ओकारी दाबून वास घेतला. सडका कांदा नाकात झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो. हा झोंबत नव्हता. हा गोडसर होता, जड. इतके दिवस श्वास रोखून पुसत होतो, त्यामुळे मला हे कळलंच नव्हतं. आणि हाच वास मी आधी घेतला होता, मामांच्या घरात, त्या घोंगडीपाशी. कांद्याचा तो नव्हताच. चाळ तर दोन वर्षं रिकामी होती.

रोबो पेपरवर तसाच टाकला आणि गाडी काढली. मनीषाही शेजारी येऊन बसली.

मामा खाटेवरच होते. घोंगडीवर माश्या बसल्या होत्या.

"मामा, पाय दाखवा."

"कशाला? मुरगळलाय म्हनलं ना."

मी घोंगडी ओढली. डाव्या पायाला जुन्या धोतराची पट्टी बांधलेली, ओली, तपकिरी, कातडीला चिकटलेली. सोडवली तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडलेली, तळवा घोट्यापर्यंत सुजून फुटलेला. पट्टीच्या घड्यांत अळ्या होत्या. मी अंगणात जाऊन ओकलो. आत मनीषाने नाकाला ओढणी बांधली आणि कोमट पाण्याने पाय धुतला. मला नाही जमलं. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली, त्याच्या पायाला मला हात लावता आला नाही. स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

मामांना शुगर आहे. चपलेचा खिळा लागला होता, तो कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांनी झाकून टाकला. "कापत्याल म्हून बोललो नाय रे," एवढंच गाडीत म्हणाले.

नाशिकला दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर माणूस हाताला लागणार नाही. "दहा-बारा दिवस आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं," ते सहज म्हणाले. पुढेही बराच वेळ बोलत होते. मी मान हलवत होतो, पण ऐकत नव्हतो.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आलो. रोबो पेपरवर आडवा पडला होता. पाय कोरडा. पेपरवर ओलीचा ठिपका नाही, एक चिलट नाही, वास नाही. उचलून पुलावर ठेवला. आजही तो तिथेच उभा आहे, एक इंचही हललेला नाही.

मामा आता आमच्याकडेच असतात. कृत्रिम पाय बसवलाय, पण त्यावर त्यांचा भरवसा नाही. गॅलरीत खुर्ची टाकून तासन्‌तास द्वारका बघत बसतात. एक दिवस न राहवून मी त्यांना लाल रोबोचं सांगितलं.

"उलटा?" त्यांनी विचारलं. "पाय वर?"

"हो. पुढच्या कडेला."

पुलावरच्या लाल रोबोकडे बघत ते म्हणाले, "मंग तीच. मला सांगून मी ऐकनार नाय, हे तिला ठावं व्हतं. म्हून तुला सांगितलं. तुझं नाक तिच्यावानी तिखट." मग त्यांनी विचारलं, "किती दिस ठिवला तिनं तसा?"

"एकदाच," मी म्हणालो. "त्याच दिवशी सकाळी. बघितलं आणि लगेच निघालो."

"मंग झालं तर," मामा म्हणाले. "त्यात तू तरी काय करनार." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

तर असं आहे. ते पाणी कुठून आलं, रोबो कडेला कसा यायचा, त्यालाच का, मला माहीत नाही. पुसलेली सगळी फडकी मीच कचऱ्यात घातली, त्यामुळे दाखवायला पुरावाही नाही. कारण सापडलं नाही, एवढं लिहून सही करायला मी तयार आहे. मामी होत्या की नव्हत्या, याची मला झोप उडवण्याइतकी फिकीर नाही. मामी तशा बारा सकाळी आल्या असतील, तर त्यातल्या अकरा सकाळी मी त्यांनी निवडून ठेवलेलं पुसलं आणि परत ढिगात ठेवलं. मामांना मी त्यातली एकच सकाळ सांगितली आहे. उरलेल्या अकरा इथे लिहिल्या, कारण मामा हा ग्रुप वाचत नाहीत.