शिंगराला खच्ची करायचं वय

नाल ठोकायला येणाऱ्या काकांचे उपकार आधी सांगतो. त्यांचं नाव मला अजूनही माहीत नाही.

आठवीत शाळा सोडून मी नंदुरबारहून सिल्वासाला आलो, वरातीच्या घोड्या सांभाळायला. नवरदेवाला घोडीच लागते, म्हणून तबेल्यात सगळ्या माद्या. त्यांच्यात एक नर शिंगरू माझ्या हातावर वाढलं. भर पावसाळ्यात ते माद्यांच्या अंगावर उड्या मारायला लागलं, तेव्हा तबेल्याचे गुजराती शेठ म्हणाले, “उद्या डॉक्टरला बोलावून खच्ची करून टाकू. लहानपणीच बरं ने?”

मी मान हलवली, पण शिंगराला नेऊन तबेल्यातल्या पार मागच्या खुंटीला बांधलं.

त्याच दुपारी काका आले. जनावराला शिवण्याआधी ते नेहमी तळवे चोळून ऊब आणत. तसेच हात त्यांनी शिंगराच्या पोटाखाली नेले, चाचपलं आणि हसले.

“शेठ, अंडाची एकच गोळी उतरलीय. दुसरी अजून पोटात आहे. आत्ता कराल तर पोट फाडावं लागेल.”

“मग कधी?”

“दोन्ही उतरू द्या. थंडीत करा, तेव्हा चिखल नाही, माशा नाहीत. एवढी घाई तुम्ही स्वतःच्या लग्नाची तरी केली होती का?”

शेठ हसले आणि थांबायला तयार झाले. जाताना काका मला म्हणाले, “भिऊ नको रे. त्याला अजून थोडे दिवस पोर राहू दे.”

दुसरी गोळीही उतरली, मग हिवाळ्यात डॉक्टरांनी केलं. दुसऱ्या दिवशी शिंगरू माझ्या हातून गवत खात होतं.

काकांना आता वाकवत नाही. माझी स्वतःची घोडी होईल तेव्हा नाल त्यांच्याच हातची असेल. घोडीचा पाय मी उचलून धरीन, काकांनी खुर्चीवर बसून ठोकायची.