उकिरड्यातल्या जिवाचं बारसं

१९९७ च्या मे महिन्यातला रविवार, सकाळचे सात. उकिरड्याच्या पोटात एकसष्ट अंश. हजर तिघे: निकम सर, सिंधूबाई आणि थर्मामीटर धरलेला मी. आकडा ऐकूनही सरांनी ढिगात हात खुपसलाच आणि "आई गं" करत बाहेर काढला. दर रविवारी हेच.

"सर, लेकराला ताप लय हाय का?" सिंधूबाई विचारायच्या.

"तापातच वाढतं ते, सिंधूताई!"

सर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. माझे शेजारी, मूळचे सटाण्याकडचे. आनंद झाला की अहिराणीत घसरायचे. सिंधूबाईंचा भाजीचा मळा आमच्या कॉलनीला लागूनच. त्यांच्या फ्लॉवरच्या पाल्याच्या नि झेंडूच्या ढिगात, इतर जंतू मरतील अशा उष्णतेत मजेत वाढणारा एक जिवाणू सरांना सापडला होता. तो नवी जात ठरला तर नाव ठेवायचा मान सरांचा. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि एका तरी जिवाला आपण नाव द्यावं, ही त्यांची जन्माची हौस. स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा त्या शास्त्रातला रिवाज. म्हणून सिंधूबाईंचं ठरलं.

"उकिरड्यातल्या किड्याला माझं नाव? सासू वरून हसंल!"

"बारशाला नऊवारी घेईन."

"मग ठेवा."

ढिगाचं रोजचं तापमान वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी दोन दिवस नांदगावला लग्नाला गेलो. परतल्यावर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरासरी काढून ते दोन रकाने भरले. सरांनी दोन्हींवर काट मारली. "भामरे, तुम्ही जेवत होतात नांदगावात. तिथून ताप कळला?"

जवळच्या, आधीच माहीत असलेल्या जातीशी डीएनए सत्तर टक्क्यांहून कमी जुळला तर जात नवी, असा नियम होता. बाहेरच्या प्रयोगशाळेतून पहिला निकाल आला सहासष्ट. सर तीन दिवस शीळ घालत हिंडले. खात्रीसाठी पुन्हा तपासलं, तर बहात्तर.

मी म्हणालो, "सर, सरासरी एकोणसत्तर. झालं की काम."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "भामरे, पुन्हा नांदगावला निघालात?"

तिसऱ्यांदा नमुना गेला. शहात्तर. म्हणजे जात जुनी; नाव कुणीतरी केव्हाच ठेवलेलं.

सांत्वन करायला मळ्यात गेलो, तर सर घुगऱ्यांचा डबा उघडून उभे. "हाऊ तर वळखीना निघना!" ते ओरडले. "अहो, ओळखीचाच निघाला हा! इतके दिवस बेवारस समजत होतो. याला गोत्र आहे, भाऊबंद आहेत! आपला तेवढा त्यांच्यापेक्षा चार अंश जास्त सोसतो. तसं लिहून पाठवलंय."

"म्हंजे माझं नाव नाय?" सिंधूबाई.

"नाय."

"आन् साडी?"

सरांनी पिशवीतून जांभळी नऊवारी काढली. "बारसं आधीच उरकलेलं निघालं. पण आईची साडी चुकत नसते."

साडी सिंधूबाईंना मिळाली, घुगऱ्या तिघांना. पुढे निवृत्त होऊन सटाण्याला जाताना सरांनी ती वही मला दिली. सगळ्या पानांत काट दोनच ठिकाणी आहे, आणि दोन्ही आकडे माझे आहेत.